आखाजीचा स्लॅब

त्या साली आमच्या घरात कुणीच धड बसत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, अर्ध्या भाकरीवरून उठायचे आणि हात तसाच खरकटा घेऊन ओट्यावर जाऊन नदीकडे बघून यायचे. फुई, म्हणजे नानांची विधवा बहीण, माय गेल्यापासून आमचं घर सांभाळत होती. ती ज्वारीच्या बिबड्या थापता थापता मध्येच थांबायची आणि "घनना आवाज बंद व्हयना का वं?" म्हणून नदीकडच्या घणाचा कानोसा घेत मला विचारायची, जशी काही मी नदीवर पहाऱ्याला बसले होते. माझा मोठा भाऊ वावरातून यायचा तो पाय न धुताच पात्रात उतरायचा. आणि माझं तर विचारूच नका. मी दिवसभर आतबाहेर करायची. चुलीवरचं दूध दोनदा उतू घालवलं, वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यावर बसून पाय हलवत राहिले म्हणून फुईच्या शिव्या खाल्ल्या. "बठी ऱ्हाय ना जराशी! पायले भिंगरी बांधेल शे का तुले?" ती ओरडायची. तिचंही खरंच होतं. आज ऐंशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी धुळ्याच्या देवपुरातल्या या घरात मला एका खुर्चीवर फार वेळ बसवत नाही. सून म्हणते, आई, तुम्ही बसा हो जरा. मी म्हणते, बाई, बसायचं राहूनच गेलं बघ.

कारण होतं नदीवरचा पूल. आमचं गाव पांझरेच्या काठी, अमळनेरकडच्या बाजूला. पलीकडच्या काठावरून नरडाण्याच्या स्टेशनाची वाट. उन्हाळ्यात पांझरा म्हणजे नुसती रेती. वाळवंटातून चालत जा, मध्ये घोटाभर पाणी लागलं तर लागलं. पण पावसाळ्यात तीच नदी अशी फुगायची की पलीकडचं गाव परदेश होऊन जायचं. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पट्टीचे पोहणारे तेवढे जायचे यायचे. बायका-पोरांनी चार महिने ती बाजू विसरायची. आणि नेमकी पलीकडच्याच गावात मॅट्रिकपर्यंतची शाळा निघाली होती. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची. मी सातवी पास झाले तेव्हा गुरुजी स्वतः घरी येऊन नानांना म्हणाले की पोरगी हुशार आहे, पुढे घाला. नानांनी त्यांना चहा पाजला, वाटेपर्यंत सोडून आले आणि परत येऊन मला म्हणाले, "पूल व्हयना तं शाळा. नही व्हयना तं लगीन. नदीमा मी पोर घालाव नही." झालं. माझ्या जन्माचा निकाल त्यांनी पाथरवटांच्या हाती देऊन टाकला.

लगीन म्हणजे नुसती धमकी नव्हती. अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत नोकरीला असलेला एक मुलगा येऊन मला बघूनही गेला होता. मुलगा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. कान तेवढे मोठे होते, आणि बोलताना सारखा स्वतःच्या धोतराकडे बघायचा. त्याच्या घरच्यांनी सांगितलं होतं, आम्ही पावसाळा सरेपर्यंत थांबू. म्हणजे पूल त्या पावसाळ्याआधी झाला तर मी शाळेत, नाही झाला तर दिवाळीनंतर बोहल्यावर. फुईला तो मुलगा फार आवडला होता. ती पुलाच्या कामाची चौकशी करायची ती मनात वेगळाच हिशेब धरून, हे मला कळायचं आणि माझं डोकं फिरायचं.

पण या पुलासाठी माझ्याहून जास्त जीव तुटत होता तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. अक्का पलीकडच्या बाजूला, नरडाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माय आजारी पडली. साधा ताप म्हणता म्हणता चौथ्या दिवशी गेली. नदी दुथडी भरलेली. सांगडीवर एक माणूस घालून अक्काला निरोप पाठवला. ती सासरहून चिखलातून धावत काठापर्यंत आली आणि तिथंच अडली. सांगडीवर बसायला निघाली होती, पण तिच्या पोटात तेव्हा पहिलं लेकरू होतं, लोकांनी धरून ठेवली. आमच्या गावचं मसणवट नदीकाठीच. मायची चिता या काठावर पेटली आणि माझी अक्का त्या काठावर उभी राहून धूर बघत होती. तिनं मारलेल्या हाका आम्हाला ऐकू आल्या नाहीत, पाण्याचा आवाजच एवढा होता. आम्हाला फक्त तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. पाणी उतरल्यावर ती घरी आली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. अक्का रडली नाही. मायच्या उखळापाशी जाऊन बसली आणि हात फिरवत राहिली. मला त्या वेळी तिचा राग आला होता, का ते आजही सांगता येत नाही. दुःखात माणसाला कुणाचाही राग येतो.

त्याच सालच्या दिवाळीनंतर नानांनी आणि गावच्या चार माणसांनी धुळ्याला खेटे घालायला सुरुवात केली. स्वातंत्र्य नवं होतं. सरकार आपलं आहे, मागितलं तर देतं, असा लोकांचा भाबडा भरवसा होता, आणि गंमत म्हणजे आमच्या बाबतीत तो खरा ठरला. पूल मंजूर झाला. एक ओव्हरसियर साहेब आले, साताऱ्याकडचे, काटकुळे, तरुण, डोक्यावर खाकी हॅट. त्यांचं जेवण आमच्याकडे होतं. पहिल्या दिवशी फुईनं त्यांना वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. फुई दाराआडून म्हणाली, "आरे बापरे, साहेब तं रडाले लागनात, घरनी याद उनी व्हई." तिखटानं रडताहेत हे तिला कळलं होतं बरं का. पण तिला मजा आली. नंतर महिनाभरात तेच साहेब हिरव्या मिरचीचा ठेचा मागून घ्यायला लागले.

त्या साहेबांचं एक होतं. आल्याबरोबर त्यांनी सांगितलं की दगड या गावच्या बरडावरचा, खडी या गावच्या बायका फोडतील, रेती या नदीची, आणि जे हात गावात मिळतील ते बाहेरून आणायचे नाहीत. बाहेरून फक्त मिस्त्री आणि त्याची टोळी. त्यामुळे त्या दोन उन्हाळ्यांत गावाचं रूपच पालटलं. जी माणसं वावरात काम नसलं की सुरतेकडे निघून जायची ती घरी राहिली. आमच्या गल्लीतली एक सवतीनं घराबाहेर काढलेली बाई खडी फोडायला बसली आणि दिवाळीला स्वतःच्या पैशानं लुगडं घेऊन आली. ते लुगडं दाखवायला ती अख्ख्या गावात फिरली, चांगली दोनदा. दोन पोरं पाथरवटाच्या हाताखाली टाकी धरायला शिकली. सकाळी उठल्यापासून टाकीचा आवाज कानावर पडायचा, तो दुपारी भाकरीच्या वेळेला थांबला की सगळ्या घरांना चुकल्यासारखं व्हायचं.

पूल तसा लहानच, तीन गाळ्यांचा. दोन्ही काठांकडच्या गाळ्यांचे स्लॅब झाले होते. मधला तेवढा राहिला. तो राहिला कारण सिमेंट वेळेवर आलं नाही. आलं तेव्हा नरडाण्याच्या स्टेशनावरून बैलगाड्यांनी आणून काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचलं, आणि मग सळया आल्या नाहीत. चैत्र असाच वाट बघण्यात गेला. साहेब रोज शेडमध्ये जाऊन पोती दाबून बघायचे, गाठी धरताहेत का म्हणून. खाली वाळूत लाकडी टेकूंवर सेंट्रिंगचा साचा उभा होता. वळवाचं एक जोरदार पाणी आलं असतं की टेकू, साचा, सगळं तापीला मिळालं असतं. शेवटी सळया आल्या, बांधून झाल्या. मिस्त्रीच्या टोळीला दुसऱ्या कामावर हजर व्हायचा हुकूम आला होता. म्हणून साहेबांनी दिवस पक्का केला आणि चावडीवर येऊन सगळ्यांना विचारलं, "परवा स्लॅब टाकू. चालेल ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. "हां हां साहेब, चालई." नानांनीसुद्धा.

आणि परवा म्हणजे काय होतं? आखाजीचा दुसरा दिवस! साहेबांनी कॅलेंडर बघितलं होतं, त्यात अक्षय्य तृतीयेचा एकच दिवस लाल होता. साताऱ्याच्या माणसाला काय ठाऊक की आमच्या खानदेशात आखाजी एका दिवसात आटपत नाही. आणि आमच्या माणसांना साहेबाच्या तोंडावर नाही म्हणायची चोरी. पाहुण्याला, त्यातून आपल्या घरी जेवणाऱ्या माणसाला, नाही कसं म्हणायचं? प्रत्येकाला वाटलं, मी नाही गेलो तरी बाकीचे जातील. आमच्याकडच्या किती गोष्टी या हां-हां पायी बुडाल्या आहेत, त्या सांगत बसले तर दुसरं पुस्तक होईल.

आखाजी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीला लेक नाही आली तर चालतं, आखाजीला यायलाच पाहिजे. उन्हाळा असतो, नदीत पाणी नसतं, म्हणून अक्काही यायची. लेकी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या चार दिवसांत माहेरवाशिणीनं काडी इकडची तिकडे करायची नाही. तिला काम लावलं तर भावाच्या तोंडाला काळं. आणि सालदारांचं साल आखाजीला संपतं. जुना मालक सुटलेला, नवा अजून धरायचा, वर्षातले हे तेवढे दिवस ते कुणाचेच नोकर नसतात. म्हणून पुरुष झाडाखाली बसून उघड उघड पत्ते कुटतात, जुगार खेळतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही.

आखाजीच्या दिवशी नानांनी मायच्या नावाची घागर भरली. नवी मातीची घागर, पाण्यानं काठोकाठ भरलेली, वर खरबूज, दोन सांजोऱ्या, बाजूला आंबे. गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून भरतात. अक्का मांडीवर लेकरू घेऊन त्या घागरीसमोर बसून होती. मैत्रिणी झोक्यावर बोलवायला आल्या तर म्हणाली, "सकाय येस मी," म्हणजे उद्या. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना, आणि विचारायची सोयही नव्हती, कारण माझं सगळं लक्ष उद्याच्या स्लॅबकडे. रस-पोळीसुद्धा मी घाईघाईनं खाल्ली. रसाचा ओघळ परकरावर सांडला तो तसाच.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी ओट्यावर. नदीवर मिस्त्रीची टोळी उभी, फावडी उभी, आणि गावातलं एक माणूस नाही! थोड्या वेळानं साहेब आमच्या दारात आले. हॅट हातात, चेहरा पांढराफटक.

"नाना, माणसं कुठं आहेत?"

नानांनी मान खाली घातली. "आखाजी शे साहेब."

"अहो, पण आखाजी काल झाली ना?"

"काल सुरू व्हयनी," नाना म्हणाले.

साहेब ओट्यावर बसले. म्हणाले, "नाना, स्लॅब म्हणजे भाकरी नव्हे हो, अर्धी आज भाजली, अर्धी उद्या. एकदा सुरू केला की सलग शेवटपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर सांधा राहतो आणि तिथंच तो पुढे फुटतो. टोळी उद्या निघून जाणार. आज नाही झाला तर पुढच्या उन्हाळ्यावर गेला."

पुढच्या उन्हाळ्यावर. माझ्या कानात कुणीतरी गरम तेल ओतलं असं झालं. मला त्या गिरणीवाल्याचे कान दिसायला लागले. मी तशीच आत पळाले आणि फुईला म्हणाले, "तुले आते बरं वाटनं व्हई!" फुईनं लाटणं उगारलं, पण मारलं नाही.

नाना आणि साहेब पारावर गेले. तिथं डाव रंगात आलेला. भाऊसुद्धा बसलेला, समोर त्याचा पत्त्यांचा पंखा. नाना बोलले, साहेब बोलले. एक म्हातारा सालदार पानं खाली न ठेवता शांतपणे म्हणाला, "साहेब, वरीसभर आम्ही दुसराना हुकूमवर राबनूत. ह्या चार दिन आमना शेतस. ह्या तं नका मांगू." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आणि खोटंही काही नव्हतं. नाना परत आले आणि माझ्याकडे न बघता ओट्यावर बसले. मी कणगीमागे जाऊन तोंडात परकराचा घोळ कोंबून रडले.

तेवढ्यात अक्का उठली. लेकरू फुईच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि मायच्या नावाची घागर उचलून कडेवर घेतली.

"कोठे चालनी?" फुईनं विचारलं.

"नदीवर. माल कालवाले पानी लागई ना."

फुईला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा ती किंचाळलीच, "येडी शे का तू? आखाजीले उनेल लेक-आंडेर नि घमेलं उचलाव शे? लोके काय म्हनतीन तुना बापले?"

अक्का दारात थांबली. ती मोठ्यानं कधी बोलायची नाही, तेव्हाही नाही बोलली. म्हणाली, "मनी मायना धूर मी त्या काठवरथून दखा, फुई. त्यादिन कोनी काय म्हनं नही. आते म्हनू दे." मग नानांकडे वळली. "नाना, तुम्ही म्हना नको, तं मी बठी जास."

नाना उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि तिच्या पुढे चालायला लागले. मी मागून धावले. परकराचा काचा तिथंच चालता चालता मारला.

अक्का सरळ नदीवर गेली नाही. ती निंबाकडे गेली. तिथं पाच-सहा झोके चालू होते, गाव भरून लेकी जमल्या होत्या, हसणं, खिदळणं, गाणी. अक्का नुसती म्हणाली, "ज्यासना सासर त्या काठले शे, त्या चला." आधी कुणी हललं नाही. मग एक जण झोक्यावरून उतरली. तिला लग्नानंतर एकही श्रावण माहेरी मिळाला नव्हता. मग दुसरी. मग ज्यांचं सासर या काठाला होतं त्याही निघाल्या, कारण मैत्रिणी निघाल्या तर ह्यांनी झोक्यावर एकट्यानं काय करायचं? गाणं मात्र कुणी थांबवलं नाही. नव्या बांगड्या, मेंदीचे हात, कपाळभर कुंकू, आणि हे सगळं लटांबर पारासमोरून गात गात नदीकडे. पत्त्यांचा डाव थांबला. मी भाऊकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

नदीवर साहेब आम्हाला बघून गोंधळूनच गेले. मिस्त्री जुना माणूस, त्यानं काही न विचारता खडी-रेतीचा ढीग ओढला, सिमेंट पसरलं, मध्ये आळं केलं. अक्कानं घागर त्या आळ्यात रिकामी केली. "अहो, पाणी मोजून घालायचं असतं!" साहेब ओरडले. मिस्त्री म्हणाला, "असू द्या साहेब, एवढी घागर मी धरतो हिशेबात." अक्कानं रिकामी घागर वाळूत उपडी ठेवली आणि पहिलं घमेलं उचललं.

आम्ही रांग लावली. ढिगापासून मधल्या गाळ्यापर्यंत, हातातून हातात. भरलेली घमेली जायची, रिकामी यायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पोरी खडी फोडायच्या त्या मधल्या वेळात येऊन थांबल्या होत्या. त्या रांगेत कुठं उभ्या राहिल्या ते बघायला कुणाला फुरसत? घमेलं आलं की धरायचं आणि पुढे द्यायचं. एरवी त्यांच्या सावलीचा विचार करणाऱ्या घरातल्या लेकी त्यांच्या बोटांना बोटं लावून उभ्या होत्या. मी हे काही थोर म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा गावासारखं वागलं. पण त्या दिवशी तसं झालं, आणि ते मी पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं तसे हात भरून आले. माझ्या तळहाताची सालटी निघाली. ढीग संपेना, मिस्त्री सारखा "माल, माल!" ओरडतोय, आणि रांगेत फट पडायला लागली. एक जण चक्कर येऊन बसली. साहेबांनी हॅट काढून ठेवली आणि स्वतः रांगेत घुसले. मी मनात म्हटलं, गेलं. आता सांधा राहणार. मला भयंकर राग येत होता, नदीचा, आखाजीचा, पत्त्यांचा, सगळ्यांचा.

तेव्हा उतारावर माणसं दिसली. पुढे भाऊ. नंतर भाऊनंच सांगितलं की डाव मोडून माणसं निंबाखाली गेली होती. तिथं सगळे झोके रिकामे लोंबकळत होते. आखाजीचा दिवस आणि झोक्यावर एक लेक नाही. कुणीतरी म्हणालं, गावमा कोनी मरेल शे असं वाटस. मग कुणालाच तिथं उभं राहवेना. भाऊ आला तो थेट अक्कापाशी. "दे ते घमेलं," म्हणाला. अक्का म्हणाली, "देत नही. बाजूले उभा ऱ्हाय, रांग तुटनी." आणि माझा सहा फुटी भाऊ बहिणीच्या शेजारी मुकाट उभा राहिला. तो म्हातारा सालदारही आला. साहेबांच्या हातातलं घमेलं त्यानं काढून घेतलं आणि म्हणाला, "हुकूमवर उनू नही बरं साहेब. मनी मरजीथून उनू." साहेबांनी त्याला हात जोडले.

दुपारनंतर फुई आली. डोक्यावर टोपलं, त्यात कालच्या पोळ्या, ठेचा, कैरीचं पन्हं. नाक मुरडत आली, येता येता मला म्हणाली, "तुना तो गिरनीवाला गया आते हातमाथून." आणि मग पन्हं वाटायला लागली. आधी वस्तीतल्या पोरींना तांब्या उंच धरून वरून ओतत होती. मग तिचाही हात दुखायला लागला असावा. तिनं तांब्याच हातात देऊन टाकला, पुढे चालव म्हणून. सूर्य पलीकडच्या काठाला टेकला तेव्हा मिस्त्रीनं शेवटची थापी फिरवली आणि खालीच बसला. अख्खा गाळा सलग होता, सांधा कुठंही नव्हता. मी तिथल्या तिथं रेतीत लोळले. आनंदानं माणूस लोळतं हे मला तेव्हा कळलं.

नंतर स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीचे वाफे बांधून पाणी साठवून ठेवायचं होतं. मिरच्यांचे वाफे बांधणाऱ्या बायकांना ते काय शिकवायचं? ते काम आम्ही गल्लीतल्या मुलींनी केलं. सासरी परतायच्या दिवशी अक्का वाकडी वाट करून वाफे बघून गेली. वळीव आला तोवर टेकू निघाले होते. साहेब बदलून गेले. सिमेंटची शेड गावाला ठेवून गेले, तिथं पुढे आठवड्याला नर्सबाई यायला लागली, आणि अक्काचं दुसरं लेकरू तिच्याच हातावर जन्मलं. नानांनी शब्द पाळला. गिरणीवाल्यांना नारळ देऊन परत पाठवलं आणि मला घेऊन पलीकडच्या शाळेत गेले. वर्गात मी धरून तीनच मुली होत्या.

श्रावणात पांझरा भरली. गढूळ, लालसर पाणी, त्यात वाहून आलेली झाडं, आणि तोच तो आवाज. मी छत्री, दप्तर सांभाळत शाळेला निघाले होते. नेहमीप्रमाणे उशीर झालेला, नेहमीप्रमाणे धावतच. पुलावर चढले आणि समोरून हिरवं लुगडं येताना दिसलं. कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं. कानबाईच्या सणाला अक्का माहेरी येत होती, भरल्या नदीवरून चालत.

मधल्या गाळ्यावर आम्ही एकमेकींना भेटलो. तिनं लेकरू माझ्याकडे दिलं, बोचकं खाली ठेवलं आणि कठड्याशी उभी राहून मसणवटाकडे बघायला लागली. मग मागे वळून पलीकडच्या काठाकडे, जिथं ती उभी राहिली होती तिकडे. मग ती खाली बसली आणि ओल्या स्लॅबवर तळहात टेकला.

"आठेच ना व?" तिनं विचारलं. "घागर?"

"हां," मी म्हटलं.

आणि मग माझी अक्का रडली. दोन वर्षांचं सगळं रडली, ओरडून, नदीच्या वरताण. या खेपेला मी तिच्याजवळ होते. मला तिचं सगळं ऐकू येत होतं. लेकरू घाबरून माझ्या वेणीला लोंबकळलं. पलीकडून शाळेची घंटा वाजली.

अक्कानं पदरानं नाक पुसलं, लेकरू माझ्याकडून घेतलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"जाय ना व! उभी काय ऱ्हायनी? शाळा भरी गयी."

मी धावत सुटले.